वाचक कुठे थांबला

सार्वजनिक वाचनालयातले पुस्तक हातात आले की मी आधी त्याचे शेवटचे पान उघडते. तिथे चिकटवलेल्या कागदावर परतीच्या तारखांचे शिक्के असतात. काही पुस्तकांचा कागद भरून त्यावर दुसरा, मग तिसरा चिकटवलेला असतो; काहींवर पाच वर्षांत दोनच शिक्के. नंतर मी पाने चाळते. कुठे कोपरा दुमडलेला, कुठे पेन्सिलीची रेघ, कुठे हळदीच्या बोटाचा ठसा. आणि एखाद्या जाडजूड कादंबरीत साठाव्या पानानंतर कागद एकदम करकरीत, म्हणजे तिथवर येऊन बहुतेकांनी पुस्तक परत केलेले. चांगल्या ग्रंथपालाला या खुणा वाचता येतात. कोणते पुस्तक दर्शनी कपाटात आणायचे, कशाची दुसरी प्रत घ्यायची, हे तो त्यांवरून ठरवतो. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांतले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे. मला ते पाचांत सर्वांत मायेचे वाटते.

ज्या पुस्तकाची ही प्रस्तावना आहे ते पडद्यावरच्या वाचकाच्या खुणांविषयी आहे. संकेतस्थळावर लेख टाकला की तो कोणी उघडला, किती खाली सरकवला, कुठे बोट लावले आणि कुठून निघून गेले, हे सांगणारी साधने आता फुकटात मिळतात. मराठीत लिहिणारी, छोटी संकेतस्थळे स्वतःच्या पदरमोडीने चालवणारी पुष्कळ माणसे ती साधने बसवतात, पहिला आठवडाभर आकडे पाहून हरखतात किंवा खचतात, आणि नंतर ते आकड्यांचे पान उघडतच नाहीत. आमचेही तसेच झाले होते. छपाईचा खर्च पेलेना म्हणून आमचे छोटे मासिक आम्ही संकेतस्थळावर नेले, तेव्हा आकडे दिसत होते पण त्यांचा अर्थ लावायचा कसा हे सांगणारे मराठीत काही हाती नव्हते. ती उणीव या पुस्तकाने भरून काढावी अशी माझी इच्छा आहे.

वाचणाऱ्याकडे बारकाईने पाहण्याची हौस इंटरनेटच्या कितीतरी आधीची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमधले नेत्रवैद्य लुई एमिल जावाल यांच्या लक्षात आले की वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही. तो उड्या मारतो, थबकतो, पुन्हा उडी मारतो. अमेरिकेतल्या एडमंड ह्यूई यांनी तर वाचकाच्या बुबुळावर प्लास्टरची छोटी वाटी बसवली आणि तिला ॲल्युमिनियमचा काटा जोडून डोळ्याची हालचाल नोंदवली. वाचनाच्या मानसशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ 1908 चा. डोळ्यावर वाटी बसवून घेऊन कोणीतरी समोरचा मजकूर निमूटपणे वाचत होते, याची मला वारंवार आठवण होते. त्या माणसाला निदान हे ठाऊक होते की आपल्याकडे कोणीतरी पाहते आहे.

संकेतस्थळांच्या बाबतीत सुरुवात साध्या हिशेबाच्या वहीने झाली. ज्या संगणकावर पाने ठेवलेली असतात तो सर्व्हर प्रत्येक मागणीची एक ओळ लिहून ठेवतो: कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता, कोणते पान. त्या ओळींची बेरीज करून देणारा ‘ॲनालॉग’ नावाचा फुकट प्रोग्रॅम केंब्रिजच्या स्टीफन टर्नर यांनी 1995 मध्ये लिहिला. त्याच्या आदल्याच वर्षी ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी ‘कुकी’ आणली होती, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली एक छोटी चिठ्ठी. तिच्यामुळे परत आलेला वाचक ओळखू येऊ लागला. पुढे गूगलने सॅन दिएगोची ‘अर्चिन’ ही कंपनी 2005 मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘गूगल ॲनालिटिक्स’ सुरू झाले. दुव्यांच्या शेपटीला आजही जी ‘यूटीएम’ ही अक्षरे दिसतात त्यांतला ‘यू’ या अर्चिनचा. नंतर पानाचा रंगीत नकाशा काढणारे हीटमॅप आले, वाचकाची सगळी हालचाल चित्रफितीसारखी पुन्हा दाखवणारी साधने आली. माल्टातल्या हॉटजारचा जन्म 2014 चा. मायक्रोसॉफ्टचे ‘क्लॅरिटी’ 2020 पासून सर्वांना मोफत आहे. आकडे दुसऱ्याच्या दारी ठेवायचे नसतील तर ‘माटोमो’ स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते. कोणते कसे बसवायचे ते पुढच्या प्रकरणांत आहेच.

मला इथे सांगायचे आहे ते आकड्यांच्या स्वभावाबद्दल, आणि त्यासाठी एकाच लेखाची गोष्ट पुरेशी आहे.

आम्ही सातबारा कसा वाचावा यावर एक लेख छापला होता. लिहिणारे गृहस्थ महसूल खात्यातून निवृत्त झालेले, विषय त्यांच्या हाडीमांसी मुरलेला. सुरुवातीला ब्रिटिश काळातल्या जमीनमोजणीचा आणि रयतवारीचा इतिहास, मग गाव नमुना 7 म्हणजे अधिकार अभिलेख, गाव नमुना 12 म्हणजे पिकांची नोंद, मग खाते क्रमांक, भोगवटादाराचा वर्ग, पोटखराबा, इतर हक्क, फेरफार असा एकेक रकाना समजावलेला. मध्ये एका उताऱ्याचे चित्र. लेख मला फार आवडला होता. तो उघडलाही पुष्कळ गेला. पण वाचण्याचा सरासरी वेळ पाहिला तर काही सेकंद. लेखकांना काय सांगावे ते मला सुचेना.

पहिली गोष्ट नंतर कळली ती अशी की तो वेळच खोटा होता. त्या काळचे गूगल ॲनालिटिक्स एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंतचे अंतर मोजून वेळ काढत असे. वाचक थेट आमच्या लेखावर आला, त्याने वीस मिनिटे मन लावून वाचले आणि दुसरे काहीही न उघडता तो निघून गेला, तर दुसरी नोंदच नसल्यामुळे त्याचा वेळ शून्य धरला जाई. वर तो ‘आल्या पावली परतला’ असेही नोंदले जाई. म्हणजे काम पूर्ण झाल्यावर समाधानाने उठलेला माणूस आणि दारातूनच मागे फिरलेला माणूस या दोघांना एकच शिक्का. ती जुनी पद्धत 1 जुलै 2023 पासून बंद झाली. नव्या आवृत्तीत दहा सेकंदांहून जास्त टिकलेली भेट ‘गुंतलेली’ मानतात आणि पानाच्या नव्वद टक्के खोलीपर्यंत कोणी पोचले की नोंद होते. हे आधीपेक्षा बरे. तरी नव्वद टक्के हे पानाचे असतात, लेखाचे नसतात. लेखाखाली प्रतिक्रिया आणि ‘हेही वाचा’ची रांग असेल तर लेख अक्षरन् अक्षर वाचणारासुद्धा त्या नव्वदीला पोचणार नाही. आकडा कशाचा आहे हे कळल्याशिवाय त्यावरून हर्ष किंवा खेद करू नये, हा धडा मी तिथे घेतला.

मग आम्ही हीटमॅप लावला. आपला लेख कुठे तापला आहे आणि कुठे थंड पडला आहे हे रंगांत पाहताना पोटात गोळा येतो. इतिहासाचे चार परिच्छेद निळेशार. वाचक ते वेगाने ओलांडत होते. ‘इतर हक्क’ आणि ‘भोगवटादार वर्ग 2’ या दोन ठिकाणी ते रेंगाळत होते. आणि सर्वांत गडद लाल होते ते उताऱ्याचे चित्र. त्या चित्रावर लोक बोट लावत होते, पुन्हा पुन्हा लावत होते. चित्राला काहीही जोडलेले नव्हते, ते हलत नव्हते, मोठे होत नव्हते. या निष्फळ बोटांना त्या धंद्यात ‘डेड क्लिक’ म्हणतात. आमच्या संगणकाच्या मोठ्या पडद्यावर ते चित्र स्वच्छ दिसत होते. फोनवर त्यातले अक्षर मुंगीएवढे. ज्याला स्वतःच्या जमिनीचा कागद समजून घ्यायचा होता तो माणूस ते अक्षर मोठे करू पाहत होता आणि आम्ही त्याला करू देत नव्हतो. अर्ध्या तासाच्या कामात ते दुरुस्त झाले. महिनोन्महिने किती माणसे तिथे हात आपटून गेली असतील, या विचाराने मला आजही अपराधी वाटते.

इतिहासाच्या निळ्या परिच्छेदांवर मात्र आमच्यात वाद झाला. तांत्रिक बाजू पाहणाऱ्या तरुण सहकाऱ्याचे म्हणणे, काढून टाका. आकड्यांचा कौल स्पष्ट होता. मी ते काढले नाहीत. लेखाच्या शेवटी नेले. कागद समजून घेण्याची निकड भागल्यावर काही जण तिथवर पोचले आणि रमले. संख्या थोडी होती, पण त्या परिच्छेदांचे खरे वाचक तेच होते. वाचक एखादा मजकूर ओलांडून जातो याचा अर्थ त्याला तो नको आहे असाच होत नाही. कित्येकदा तो चुकीच्या जागी आलेला असतो. साधन एवढेच सांगते की इथे पाय थांबला नाही. पुढचे संपादकाने ठरवायचे. ती जबाबदारी आकड्यांवर ढकलली की हळूहळू फक्त गरम जागांचेच लेख उरतात, आणि मग कोणत्याही संकेतस्थळावर जा, सगळीकडे तेच.

वाचकाची नजर पानावर कशी फिरते यावर जेकब नील्सन यांच्या चमूने केलेला अभ्यास पुष्कळांनी ऐकलेला असेल. त्यांनी 232 जणांच्या डोळ्यांचा माग काढला आणि 2006 मध्ये दाखवून दिले की पडद्यावरची नजर इंग्रजी ‘एफ’ अक्षरासारखी फिरते: वरच्या एकदोन ओळी आडव्या, मग डाव्या कडेने खाली. त्यावरून सल्ला निघाला की महत्त्वाचे शब्द ओळीच्या आरंभी ठेवा. हा सल्ला मराठीत जसाच्या तसा उचलताना मी अडखळते. मराठी वाक्याचा जीव शेवटी असतो. ‘भोगवटादार वर्ग 2 ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही’ या वाक्यातला ‘नाही’ सर्वांत शेवटी येतो, फोनच्या अरुंद पडद्यावर तर तिसऱ्या-चौथ्या ओळीत एकटाच पडतो. डाव्या कडेने झरझर उतरणारी नजर ‘जमीन’, ‘परवानगी’, ‘हस्तांतरित’ एवढे टिपते आणि पुढे जाते. त्या परिच्छेदावर लोक वर-खाली का करत होते याचे माझे उत्तर हे आहे. आम्ही वाक्य फोडले: ‘वर्ग 2 ची जमीन थेट विकता येत नाही. आधी परवानगी लागते.’ रेंगाळणे कमी झाले. याला मी सिद्धान्त म्हणणार नाही, पण मराठीत पडद्यासाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने आपल्या लेखातले लांब नकार असे एकदा तपासून पाहावेत.

मराठीच्या आणखी काही अडचणी या साधनांच्या निर्मात्यांच्या ध्यानीमनी नसतात. लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवला तर अहवालात तो ओळखू येत नाही. टक्क्यांची चिन्हे आणि अक्षरांची माळ दिसते. ‘मराठी’ हा तीन अक्षरांचा शब्द त्या लिपीत 45 चिन्हांचा होतो, कारण संगणक त्याचे पाच घटक मानतो, प्रत्येकाला तीन बाइट देतो आणि प्रत्येक बाइट तीन चिन्हांत लिहितो. शोधणाराही एकाच रीतीने शोधत नाही: कोणी ‘सातबारा’, कोणी ‘७/१२ उतारा’, तर कोणी रोमन लिपीत. तिन्हींचे वाचक एकच असले तरी अहवालात ते तीन ठिकाणी विखुरतात. हे जोडून पाहण्याची रीत तिसऱ्या प्रकरणात सविस्तर दिली आहे.

त्याहून मोठी गोष्ट व्हॉट्सॲपची. मराठी लेख पसरतो तो बहुतांशी घरच्या, सोसायटीच्या, शाळेतल्या वर्गमित्रांच्या गटांतून. तिथून आलेला वाचक कुठून आला हे साधनाला बहुधा कळत नाही, आणि त्याची गणना ‘डायरेक्ट’ या खात्यात होते, जणू त्याने पत्ता स्वतः टंकला. अशा न दिसणाऱ्या वाटांना अलेक्सिस मॅड्रिगल यांनी 2012 मध्ये ‘डार्क सोशल’ असे नाव दिले. आपल्याकडे याच्याही पुढची पायरी आहे. लेखाचा दुवा न पाठवता पूर्ण मजकूरच उचलून चिकटवला जातो, पुष्कळदा लेखकाचे नाव गाळून. तो वाचक तुमच्या दारी येतच नाही. नागपुरात, पणजीत, न्यू जर्सीत तुमचा लेख वाचला जात असतो आणि तुमच्या अहवालात शून्य असते. म्हणून कमी आकड्यांनी खचलेल्या लेखकाला मी नेहमी सांगते की हा तुमच्या वाचकांचा आकडा नाही, दारावरून आत आलेल्यांचा आहे. उलट बाजूही तितकीच खरी. फरहाद मंजू यांनी 2013 मध्ये ‘स्लेट’ या नियतकालिकात, संकेतस्थळांवरचे वाचन मोजणाऱ्या चार्टबीट कंपनीच्या आकड्यांच्या आधारे दाखवले होते की लेख पुढे पाठवला जाणे आणि तो शेवटपर्यंत वाचला जाणे यांत फारसे नाते नाही. पुढे पाठवणाऱ्यांत न वाचणारेही असतात.

आता ज्या विषयासाठी मी ही प्रस्तावना लिहायला होकार दिला त्याकडे येते.

स्मृतिभ्रंश झालेल्या आईची देखभाल या विषयावर आमच्याकडे एक लेख होता. एके दिवशी भेटींच्या चित्रफिती पाहताना त्या लेखाची एक समोर आली. रात्री दोनच्या सुमाराची वेळ. कोणीतरी सुरुवातीच्या लक्षणांचा परिच्छेद उघडून थांबले होते. पडदा खाली गेला, परत वर आला. पुन्हा खाली, पुन्हा तिथेच. मग बराच वेळ काहीच हालचाल नाही. नाव नव्हते, चेहरा नव्हता, तरी मी एका अनोळखी घरात, कोणाच्या तरी पाठीमागे, रात्री दोन वाजता उभी आहे असे मला झाले. मी ती फीत अर्ध्यात बंद केली. दुसऱ्या दिवशी आजार, मृत्यू, घटस्फोट, कर्ज या विषयांवरच्या सर्व पानांवरून आम्ही चित्रफिती घेणे थांबवले. त्या पानांवर आता फक्त मोजणी होते.

माझी ही अस्वस्थता निव्वळ भावनिक नव्हती. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या स्टीव्हन एंगलहार्ट, गुनेश अचार आणि अरविंद नारायणन या संशोधकांनी नोव्हेंबर 2017 मध्ये दाखवून दिले होते की आघाडीच्या पन्नास हजार संकेतस्थळांपैकी 482 ठिकाणी वाचकाची हालचाल जशीच्या तशी टिपून तिसऱ्या कंपनीकडे पाठवली जात होती, आणि लोकांनी रकान्यांत भरलेली खाजगी माहितीही त्यातून निसटू शकत होती. त्याच वर्षी 24 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो की संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे. म्हणजे मराठीतही. मराठी संकेतस्थळांवरच्या इंग्रजी चौकटी आणि त्यांखालचे ‘ॲक्सेप्ट’चे बटण पाहून मला खंत वाटते. ज्या वाचकासाठी आपण शुद्ध मराठीत लिहितो, त्याची परवानगी मात्र त्याला न समजणाऱ्या भाषेत घेतो. ‘आपण हा लेख किती वाचलात हे आम्ही मोजतो. आपले नाव आम्हाला कळत नाही. नको असल्यास इथे बोट लावा,’ एवढी तीन वाक्ये पुरेशी आहेत. आम्ही ती लावली. नकार देणारे निघाले, त्यांच्याशिवाय आमचे काहीही अडले नाही.

छोट्या संकेतस्थळांना आणखी एक सांगणे. आपल्या पानांवर महिन्याला शेदोनशे माणसे येत असतील तर टक्केवारीच्या नादी लागू नका. एखादी मावशी कौतुकाने दहा वेळा लेख उघडते, आपण स्वतः प्रुफे तपासायला पंधरा वेळा उघडतो, आणि आलेख चढलेला दिसतो. स्वतःच्या भेटी आधी वगळा. आणि इतक्या कमी संख्येत सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे वाचकाशेजारी जाऊन बसणे. नील्सन यांचेच म्हणणे आहे की वापरण्यातल्या बहुतेक अडचणी पाच माणसांकडे पाहूनही कळतात.

आम्ही ते सातबाऱ्याच्या लेखासाठी केले. अहवालात एक कोडे उरले होते. बरेच वाचक लेख उघडत, चित्रापर्यंत येत, आणि मग चार-पाच मिनिटे सगळे निश्चल. त्यानंतर ते परत हलू लागत. सहकाऱ्याचा अंदाज होता की त्यांना फोन येत असावा, किंवा पान अडकत असावे. मी माझ्या चुलतदिरांच्या घरी गेले. त्यांची थोडी कोरडवाहू जमीन आहे, वाटणीचे प्रकरण चालू होते. त्यांना लेख उघडून दिला आणि काही न बोलता शेजारी बसले. चित्रापर्यंत आले, चष्मा सारखा केला, बोटाने ते मोठे केले. मग फोन तसाच पलंगावर ठेवून आतल्या खोलीत गेले. लोखंडी कपाटाचा आवाज आला. वहिनींना हाक मारून कसली तरी पिशवी विचारली. परत आले तेव्हा हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला त्यांचा स्वतःचा उतारा होता. तो त्यांनी मांडीवर पसरला, फोन त्याच्याशेजारी ठेवला आणि एकेका रकान्यावर बोट ठेवून दोन्ही ताडून पाहू लागले.

त्या संध्याकाळी लेखाच्या अगदी वर आम्ही एक ओळ घातली: ‘वाचण्याआधी आपला उतारा काढून हाताशी ठेवा.’